जामगी, चकमक आणि चार सरकार : दख्खनमध्ये बंदुकीचा चाप बदलला तेव्हा

मागच्या व्याख्यानात आपण मलिक अंबरच्या खडकीचं पाणी पाहिलं, नहर पाहिली. आज त्याच शहराची पुढची गोष्ट आहे. शहराचं नाव आज छत्रपती संभाजीनगर आहे. आज ज्या काळाबद्दल बोलायचं त्या काळच्या कागदांत ते औरंगाबाद आहे, म्हणून त्या संदर्भात आम्ही तेच नाव वापरू.

विषय लहान वाटेल असा आहे : बंदुकीचा चाप. बोटानं ओढायचा तो चाप आणि त्याच्या ओढीनं पडणारा तो घोडा. अठराव्या शतकात आपल्याकडच्या राज्यकर्त्यांसमोर एक प्रश्न उभा राहिला. जुना चाप ठेवायचा की नवा घ्यायचा? या प्रश्नाचं एक सोपं उत्तर आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यांच्याकडे नव्या बंदुका होत्या, आपण जामगी धरून बसलो, म्हणून हरलो. हे उत्तर अर्धवट आहे, असं आज आपल्याला पाहायचं आहे. आपण नवा चाप घेतला होता. लवकर घेतला होता. अडचण चाप घेण्यात नव्हती, त्याची किंमत कशी चुकवली त्यात होती.

चाप म्हणजे नेमकं काय?

आधी यंत्र समजून घेऊ, म्हणजे पुढचं राजकारण समजेल. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची आणि गजानं ठासायची. नळीच्या मागच्या टोकाला एक बारीक छिद्र. छिद्राबाहेर एक छोटी वाटी, तिच्यात बारीक दारू ठेवायची, तिला रंजक म्हणतात. रंजकीला आग लावली की ती छिद्रातून आत जाते आणि बार उडतो. म्हणजे चापाचं काम एकच : योग्य क्षणी रंजकीपर्यंत आग पोचवणं.

जामगीच्या बंदुकीत, म्हणजे तोडेदार बंदुकीत, आग आधीच पेटलेली असते. जामगी म्हणजे सोरा मुरवलेली सुताची दोरी, ती धुमसत राहते. आपल्याकडच्या बंदुकीत लाकडी दस्त्याच्या खाचेतून एक वाकडा लोखंडी हात बाहेर येतो, त्याच्या टोकाला जामगी अडकवलेली असते. खालचा चाप वर ओढला की तो हात खाली झुकतो आणि जामगी रंजकीला टेकते. एक तरफ, एक खिळ, बस. यात नाजूक असं काही नाही. गावचा लोहार ती करू शकत होता आणि मोडली तर दुरुस्तही करू शकत होता.

चकमकीची बंदूक, उत्तरेत जिला पथरकला म्हणत, तिच्यात आग आधी नसते. ती त्या क्षणी पैदा करायची असते. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला असतो. घोडा मागे ओढला की आतली पोलादी कमान ताणली जाते आणि खाचेत अडकते. चाप ओढला की अडक सुटते, गार पोलादाच्या पट्टीवर आपटते, पट्टी मागे उलटते, वाटी उघडी पडते आणि ठिणग्या रंजकीवर पडतात. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत व्हावं लागतं. त्यासाठी कमानीचं पोलाद नीट पाणी दिलेलं हवं, खाच अचूक कापलेली हवी आणि गार चांगली हवी. वीस-तीस बार झाले की गारेची धार जाते, मग ती बदलायची.

आता सांगा, यातला चांगला चाप कोणता? एकदम उत्तर देऊ नका.

जामगीचा चाप हलका असतो. त्यात कमानीचा झटका नाही, घोड्याचा आघात नाही. हात हळू खाली येतो आणि नेम हलत नाही. शिवाय आपल्याकडच्या तोडेदार बंदुकांच्या नळ्या लांब असत. तटावर, बुरुजाच्या जंगीमागे बसून एकट्यानं नेम धरणाऱ्या माणसाला ही बंदूक उत्तम. दोष तेवढेच ठळक. पावसात जामगी विझते. पहाऱ्यावर ती सतत पेटती ठेवावी लागते. रात्री तिचा निखारा दुरून दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेटती दोरी आणि उघडी दारू घेऊन माणसांना खांद्याला खांदा लावून उभं करता येत नाही. शेजाऱ्याच्या ठिणगीनं आपली दारू पेटेल. त्यामुळे माणसं अंतरानं उभी राहणार, आणि मिनिटाला एखादा बार निघणार.

चकमकीचा चाप जड, झटका देणारा, अधूनमधून फुकट जाणारा. पण माणसं दाटीनं उभी राहू शकतात, शिकवलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढू शकतो आणि टोकाला संगीन लावता येते. म्हणजे ही बंदूक एकट्या माणसाची नाही, ती पलटणीची आहे. कवायत नसेल तर तिचा फायदा निम्म्याहून कमी. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या वाक्यावर उभी आहे : चकमकीची बंदूक विकत घेता येते, पण तिच्यामागची पलटण पोसावी लागते.

आपले लोक नव्या यंत्राला घाबरत होते, असाही एक समज आहे. तो खरा नाही. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा तिथल्या बंदूक करणाऱ्या कारागिरांचं काम पाहून खुद्द अल्बुकर्कनं आपल्या राजाला कौतुकानं कळवलं होतं. पुढे अबुल फजल आईन-ए-अकबरीत सांगतो की बादशाही कारखान्यात जामगीशिवाय, घोड्याच्या जराशा हालचालीनं उडणारी बंदूक तयार झाली होती. ही चाकाच्या चापाची बंदूक असावी, असं इतिहासकार मानतात. घड्याळासारखं महागडं, नाजूक काम. बादशहाच्या शस्त्रागाराला ते परवडलं, फौजेला परवडलं नाही. म्हणजे कल्पना होती, कारागीर होते. हजारो नग करणं आणि हजारो नग चालू ठेवणं हा वेगळा प्रश्न होता.

औरंगाबाद, 1751 ते 1753

आता आपल्या शहरात येऊ. निजामाचं राज्य तेव्हा इथून चालत होतं. पहिल्या निजामाचा मृत्यू 1748 साली झाला, त्याची कबर जवळच खुलताबादला आहे. मागे वारशाचं भांडण लागलं. फ्रेंच सेनापती बुसी यानं सलाबतजंगाला गादीवर बसवलं आणि 1751 मध्ये त्याला घेऊन तो औरंगाबादला आला. बरोबर थोडे फ्रेंच शिपाई आणि फ्रेंच पद्धतीनं शिकवलेल्या आपल्याकडच्याच माणसांच्या पलटणी. हातात चकमकीच्या बंदुका.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ही फौज पेशव्यांच्या मुलखात शिरली. कुकडी नदीच्या काठी चंद्रग्रहणाच्या रात्री बुसीनं मराठ्यांच्या छावणीवर छापा घातला. नानासाहेब पेशवे तिथे होते, थोडक्यात निभावले. आता जामगीच्या निखाऱ्याबद्दल आपण काय म्हणालो ते आठवा. अंधारात निखारा न दाखवता चालत येणारी पलटण म्हणजे काय, हे त्या रात्री दख्खननं पाहिलं. तरीही मराठ्यांनी लगेच सावरून गनिमी पद्धतीनं निजामाच्या फौजेची रसद तोडली आणि मोहीम तहावर संपली, हेही विसरू नका. चापानं एक रात्र जिंकली, मोहीम जिंकली नाही.

पण खरी घटना पुढे आहे. पलटणींचा पगार थकला. थकणारच. घोडदळातला शिलेदार आपल्या गावी जाऊन पेरणी करून परत येतो, त्याची थकबाकी वर्षभर चालते. पलटणीतल्या शिपायाला रोज कवायत करायची असते, तो दुसरं काही करू शकत नाही, त्याला महिन्याच्या महिन्याला रोख हवी. 1753 च्या अखेरीस बुसी औरंगाबादला आला आणि या शहरात त्यानं सलाबतजंगाकडून सनद घेतली. फ्रेंच फौजेच्या खर्चासाठी पूर्व किनाऱ्यावरचे चार सरकार, म्हणजे मुस्तफानगर, एल्लोर, राजमहेंद्री आणि चिकाकोल, त्याच्या हवाली झाले. आजच्या आंध्रचा समुद्रकाठचा सुपीक पट्टा.

इथे थांबा. हीच ती चापाची किंमत. बंदुकीची किंमत रुपयांत होते, पलटणीची किंमत मुलखात झाली. आणि पुढे काय झालं? 1759 मध्ये इंग्रजांनी मच्छलीपट्टण घेतलं, फ्रेंच तिथून उखडले गेले. 1765 ला कंपनीनं बादशहाकडून त्या प्रांताचं फर्मान मिळवलं, 1766 ला निजामाशी तह करून घेतला. बुसीला दिलेला मुलूख निजामाकडे परत आला नाही, तो कंपनीच्या खिशात गेला. शिपाई काढून टाकता येतात, मुलूख परत मागता येत नाही.

गारदी आणि पलटणी

बुसीच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी एक इब्राहीमखान. फ्रेंच ‘गार्द’ या शब्दावरून आपल्याकडे गारदी हा शब्द आला असं मानतात. निजामाकडून सुटल्यावर सदाशिवरावभाऊंनी त्याला आपल्याकडे घेतलं. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि तहात देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला मराठ्यांना मिळाला. पुढच्याच वर्षी, 14 जानेवारी 1761 ला, पानिपत.

पानिपतावर सकाळच्या प्रहरात इब्राहीमखानाच्या गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची फळी मोडत आणली होती. मग आपलंच घोडदळ पुढे घुसलं आणि गारद्यांच्या माऱ्याच्या आड आलं. गोलाची लढाई भाऊंच्या मनात होती, सगळ्या सरदारांच्या मनात ती मुरलेली नव्हती. म्हणजे बघा, नवा चाप फौजेच्या एका भागाकडे होता आणि उरलेली फौज जुन्या सवयीनं लढत होती. इब्राहीमखान शेवटपर्यंत भाऊंशी इमानानं राहिला आणि मारला गेला. त्याला दोष देता येणार नाही.

बारा वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 ला, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तोही गारद्यांनी केला आणि आत शिरताना निमित्त सांगितलं ते थकलेल्या पगाराचं. कारस्थान घरातलं होतं, पण पगाराचं निमित्त पटण्यासारखं होतं. का पटलं, हे आता वेगळं सांगायला नको.

यातून महादजी शिंदे शिकले, असं आम्हाला वाटतं. 1784 मध्ये त्यांनी द बॉयनला नोकरीत घेतलं. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि चकमकीच्या बंदुका तिथल्या तिथे तयार होऊ लागल्या. पलटणींच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख लावून दिला, पण तो शिंद्यांच्या छत्राखालचा. म्हणजे बंदूक, गार, दारू, पगार, सगळ्याची सोय जवळ. 1790 मध्ये पाटण आणि मेडता इथे या पलटणींनी राजपूत घोडदळ मोडलं. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत तर दोन्ही बाजूंना चकमकीच्या पलटणी होत्या. मराठ्यांकडे पेराँच्या, निजामाकडे रेमाँच्या.

एक गोष्ट मात्र महादजींनाही जमली नाही. पलटणीचे वरचे अंमलदार परकेच राहिले.

असई : चाप सारखेच होते

23 सप्टेंबर 1803. जागा असई, आज जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. 1981 पर्यंत हा भाग आपल्याच जिल्ह्यात होता. कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या मधला चिंचोळा भाग. एका बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणार होता. दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज, त्यात सुमारे दहा हजारांचं कवायती पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा. पायदळाचा प्रमुख पोलमन नावाचा जर्मन.

जामगी विरुद्ध चकमक ही कहाणी खरी असेल, तर ती इथे दिसली पाहिजे. दिसत नाही. कवायती पलटणींकडे दोन्ही बाजूंना चकमकीच्या बंदुका. तोफांत तर मराठे सरस. वेलस्लीनं बगलेवरून नदी ओलांडली, तेव्हा पोलमनच्या पलटणींनी लढाईच्या तोंडावर आपली सगळी आघाडी काटकोनात फिरवली. हे काम अडाणी फौजेचं नाही. असई गावासमोर ब्रिटिशांची 74 वी हायलँडर पलटण जवळजवळ संपली. कंपनीच्या बाजूचे 428 ठार आणि 1138 जखमी झाले. वेलस्लीनं शिंद्यांच्या पायदळाचं आणि तोफखान्याचं कौतुक केलं, आणि या दिवसाचा रक्तपात त्याला आयुष्यभर आठवत राहिला.

मग हरलो कुठे? युद्ध सुरू होताना कंपनी सरकारनं जाहीरनामा काढला होता : शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अंमलदारांनी ती सोडावी, त्यांच्या पगाराची सोय कंपनी करील. बरेच निघून गेले. उत्तरेत खुद्द पेराँनं सप्टेंबरमध्येच कंपनीकडे आसरा घेतला. शिपाई तेच, बंदूक तीच, चाप तोच. पण ‘ओढा’ म्हणून हुकूम देणारा माणूस आदल्या महिन्यात निघून गेलेला. उरलेल्या गोलंदाजांनी तोफांजवळ जीव दिले. असईवर एकूण 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. डिसेंबरमध्ये देवगाव आणि सुर्जी अंजनगावचे तह झाले.

टोपी आली, लोहार गेला

पुढचा बदल टोपीचा. तांब्याच्या इवल्याशा टोपीत स्फोटक मसाला, घोडा तिच्यावर आपटला की बार. 1834 मध्ये इंग्लंडात वुलिचला चाचणी झाली. दोन्ही प्रकारच्या बंदुकांचे प्रत्येकी 6000 बार काढले. चकमकीचे 922 फुकट गेले, टोपीचे फक्त 36. यावर वाद घालायला जागा नाही, टोपीचा चाप सर्व अंगांनी सरस.

पण आपल्या प्रश्नाकडे परत या. जामगी कोण करतो? कुणीही. गार कुठे मिळते? आपल्या काळ्या पाषाणात गारगोटी आणि अकीक मिळतात, ठिणगी पडते, फौजेला पुरतील इतक्या एकसारख्या घडवणं कठीण एवढंच. टोपी कोण करतो? पाऱ्याचा तो मसाला गावचा लोहार, घिसाडी, शिकलगार यांपैकी कुणीच करू शकत नाही. त्यासाठी कारखाना लागतो. इंग्रजांनी 1869 मध्ये पुण्याजवळच्या खडकीला दारूगोळ्याचा कारखाना काढला. 1878 च्या हत्यारांच्या कायद्यानं ब्रिटिश मुलखात बंदूक परवान्याखाली आणली. चाप जसजसा सुधारत गेला, तसतसा तो वापरणाऱ्याच्या गावापासून दूर जात राहिला.

निजामाच्या राज्यात 1753 ची गोष्ट बरोबर शंभर वर्षांनी पुन्हा घडली. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज कंपनीच्या अंमलदारांखाली आणि निजामाच्या खर्चानं चालत होती. तिची एक छावणी आपल्या शहरात होती. खर्च थकला, कर्ज चढलं आणि 1853 च्या तहानं वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. धाराशिव आणि रायचूर 1860 मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही. वऱ्हाड आणि मराठवाडा यांचा कारभार वेगळा झाला, त्याची मुळं या तहात आहेत.

व्याख्यानानंतरचे दोन प्रश्न

श्रोत्यांतून विचारलं गेलं, मग मराठ्यांनी जामगीच ठेवायला हवी होती, असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. मोकळ्या रानात जामगीवाल्या विखुरलेल्या फौजेला चकमकीच्या पलटणीसमोर टिकणं अवघड होतं, बदल करणं भाग होतं. आमचं म्हणणं इतकंच, की ही निवड दोन वस्तूंमधली नव्हती. आग्र्याचा कारखाना हे त्या निवडीचं निम्मं बरोबर उत्तर होतं. उरलेलं निम्मं म्हणजे स्वतःचे अंमलदार घडवणारी शाळा आणि वेळेवर पगार देणारा खजिना. ते झालं नाही. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांपासून सावध राहायला सांगितलं होतं, ते शिंद्यांच्या पलटणींच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधी.

दुसरा प्रश्न आजच्या रायफलींचा होता. आज हा मुद्दा लागू पडतो का?

पडतो. 1962 च्या युद्धात आपल्या जवानांकडे दर बाराला खटका मागेपुढे करावा लागणारी थ्री-नॉट-थ्री होती. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यात अर्धस्वयंचलित एसएलआर तयार होऊ लागली. चाप एकदा ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते. मूळ बेल्जियन रायफलीत सलग गोळीबाराची सोय ठेवता येत होती, आपण एकेरी बार निवडला. पुढे इन्सासमध्ये एका ओढीत तीन गोळ्यांची सोय आली. प्रत्येक वेळी शिपायानं नेम धरावा की मारा वाढवावा, हाच जुना प्रश्न होता. पण त्या चापाइतकंच महत्त्वाचं काम आपल्या शेजारी, अजिंठ्याचा डोंगर उतरून गेल्यावर जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला चालतं. तिथल्या कारखान्यात रायफलींची काडतुसं तयार होतात. काडतूस घरचं असलं की चाप कोणत्या घडणीचा घ्यायचा, हे आपलं आपण ठरवू शकतो. सलाबतजंगाला 1753 मध्ये या शहरात ते ठरवता आलं नव्हतं.

पुढच्या व्याख्यानात देवगिरीवरच्या तोफा पाहू. जमलं तर त्याआधी एकदा किल्ल्यावर जाऊन मेंढा तोफ पाहून या, म्हणजे बोलणं सोपं होईल.